भागुजीच्या मुक्तीचा सोहळा

"आबा, आपल्याकडं गुलाम किती हायेत?"

समृद्धीनं हे विचारलं तेव्हा रखमाजीआबांच्या तोंडात भाकरीचा घास होता, नवनाथकाकाच्या कानाला मोबाईल होता आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे भगवंतनं, ताकाची वाटी नुकतीच ओठाला लावली होती. घास अडकला, मोबाईल घसरला, ताक सांडलं. पैज जिंकली! नववी 'ब'च्या मागच्या बाकावर हर्षालीनं अट घातली होती, की प्रश्न सगळं घर जेवायला बसलेलं असताना, मोठ्यानं आणि न हसता विचारायचा. न हसण्यात समृद्धी कच्ची होती. पण महिन्यापूर्वी गॅदरिंगला सूत्रसंचालन केल्यापासून तिला समोर माईक नसला तरी असल्यासारखा वाटायचा.

आबांनी पाणी पिऊन घास खाली ढकलला आणि धाकट्या मुलाकडे बघितलं. "नवनाथ, पोरगी काय इचारती? किती हायेत?"

"एकबी न्हाई आबा."

"एकबी न्हाई?" आबांचा चेहरा असा उतरला, की जणू भर पोळ्याला कुणी त्यांना दावणीला बैल नाही म्हणून सांगितलं. "मग बोरीच्या सावळेरामाकडं असतील?"

"त्याच्याकडं कसे असतील?"

"हां," आबांना जरा बरं वाटलं. "त्याची बाग आपल्यापरीस निम्मी हाय."

पोरींनी ही पैज काय उगीच लावली नव्हती. घराची स्वतःची कंपनी होती, 'साळुबाई ॲग्रो एक्स्पोर्ट'. आपली आणि आजूबाजूच्या दहा-बारा गावांतली द्राक्षं ती विकत घ्यायची, पॅकहाउसमध्ये निवडून पेट्यांत भरायची आणि बोटीनं इंग्लंडला धाडायची. साळुबाई म्हणजे आजी. कंपनीला आजीचं नाव द्यायचं ठरलं तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. फक्त पाटीवरच्या फोटोपुरता पदर नीट घे म्हणून सांगितलं होतं. आणि आता, दोन हजार सहाच्या ऐन हंगामात, इंग्लंडच्या खरेदीदारानं कळवलं होतं, की गुरुवारी आमचा माणूस येईल. तुमच्याकडे आणि तुम्ही जिथून माल घेता त्या बागांत कुणाला जबरदस्तीनं, अडकवून, गुलामासारखं तर राबवत नाहीत ना, ते बघेल. त्याचं समाधान झालं तरच कंटेनर हलणार.

"मग सांगायचं न्हाई म्हणून. झालं," आबा म्हणाले.

"तेवढ्यानं भागत न्हाई आबा," काकानं मोबाईल सांडलेल्या ताकातून उचलला. "असं कायबी होऊ नये म्हणून कंपनीनं काय पावलं उचलली, ती दाखवावी लागतात."

"जे मुळात न्हाईच, ते होऊ ने म्हणून काय करायचं? आता आपल्या बागेत हत्ती येत न्हाई. हत्ती येऊ ने म्हणून आमी काय केलं, ते कसं दाखवू?"

"पाटी लावायची," पप्पा म्हणाले. पप्पांकडे प्रत्येक संकटावर पाटी हा उपाय असायचा. "येथे हत्ती आणू नये."

समृद्धी इतकी हसली की तिला ठसका लागला. आईनं, लंकाबाईनं, तिच्या पाठीत धपाटा घातला, तो ठसक्यासाठी होता की प्रश्नासाठी ते कळलं नाही.

तेवढ्यात कल्याणीकाकू चुलीपासून भाकरी घेऊन आली. नवनाथकाकाची बायको, ओतूरच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली. पॅकहाउस खरं तर तीच चालवायची. पहाटे पहिला घड आत येण्यापासून शेवटची पेटी थंड खोलीत जाईपर्यंत. ती आबांच्या ताटात भाकरी ठेवत हळूच म्हणाली, "मामा, गुरुवारी मला ओतूरला जायचंय. पतसंस्थेत मुलाखत हाय. पाचच्या आत पोचायला पायजे."

सगळ्यांनी एकदम चावणं थांबवलं.

"गुरुवारी?" काका म्हणाला. "गुरुवारी साहेब येणार. तू नसलीस तर पॅकहाउस दाखवायचं कुणी?"

"मागल्या साली हंगाम संपू दे म्हणलं व्हतं तुमी."

"मग संपला का हंगाम?"

काकू आत गेली आणि पुढची भाकरी तिनं परातीत इतक्या जोरात थापली की मांजर उठून बाहेर गेलं. समृद्धीचं हसू तिथंच विरलं. कारण त्या मुलाखतीची तयारी तिनंच करून घेतली होती. घड निवडता निवडता ती साहेबाचा आवाज काढून विचारायची, "आपली बलस्थानं काय, मॅडम?" आणि काकू कात्री हातात धरून म्हणायची, "मी भांडत नाही, सर." आणि मग दोघी हसून हसून पेटीवर पडायच्या.

पण आबांच्या डोक्यात आता गुरुवार पेटला होता. ते हात न धुताच उठले आणि अंगणात येऊन ओरडले, "सोडायचं! एकाला सोडून दाखवायचं! भागुजीला बोलवा!"

भागुजी म्हणजे घरचा सालगडी. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला सुरू होतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं. त्या दिवशी चार माणसं मारुतीच्या पारावर बसतात आणि सालाचे पैसे, धान्य, दोन जोड कपडे, घोंगडी, वहाणा, जत्रेची सुट्टी असं सगळं बोलून ठरतं. भागुजी दर पाडव्याला गाठोडं बांधून पारावर जाऊन बसायचा आणि आबा स्वतः समजूत काढायला जाईपर्यंत उठायचा नाही. एकदा तर वहाणांच्या करकरीवरून दिवस मावळला होता.

"भागुजी," आबा म्हणाले, "गुरुवारी तुला आमी मुक्त करणार हाय. इंग्लंडच्या साहेबासमोर."

भागुजीनं शेणाचे हात धोतराला पुसले. "आन् संध्याकाळी धारा कोण काढणार?"

"तूच."

"मग हरकत न्हाई. पण फेटा लागंल. नुसत्या टोपीवर मी मुक्त व्हणार न्हाई."

"घे."

"आन् फोटो?"

"फ्लेक्सवर टाकू," पप्पा आनंदानं म्हणाले. त्यांना पाटीची सोय झाली होती.

"एक मातर," आबांनी बोट उचललं, "गुरुवारपर्यंत मला मालक म्हणायचं सोड. नावानं हाक मार. सवय कर."

भागुजीनं घसा साफ केला. "रखमाजी." मग त्याला ते इतकं गोड लागलं की त्यानं पुन्हा मोठ्यानं म्हटलं. पुढचे तीन दिवस तो विहिरीवरून, गोठ्यातून, बागेच्या पार टोकाकडून काही काम नसतानाही "ए रखमाजी!" अशी आरोळी ठोकत होता, आणि आबांना दर वेळी दात आवळून ओ द्यावी लागत होती.

ओतूरहून फ्लेक्स आला तो सोळा फुटी. वर लाल अक्षरांत 'भव्य मुक्ती सोहळा', खाली 'श्री. भागुजी यांची साळुबाई ॲग्रो एक्स्पोर्टच्या गुलामगिरीतून सुटका झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', बाजूला सरपंचापासून ट्रॅक्टर-मेकॅनिकपर्यंत सगळ्या शुभेच्छुकांचे फोटो, आणि कोपऱ्यात कबुतर. मजकूर पप्पांचा. कबुतर फ्लेक्सवाल्यानं फुकट टाकलं होतं.

गुरुवारी पॅकहाउससमोर मांडव पडला. बँडवाले आले. साहेबासाठी बाटलीतलं पाणी आणि काटे-चमचे आणले. समृद्धीनं शाळेला दांडी मारून माईक ताब्यात घेतला. आणि सगळे रस्त्याकडे मोटारीची वाट बघत असताना मागच्या बाजूनं, एस्टीतून उतरून, बांधावरून चालत, खांद्याला सॅक लावलेली एक बाई आली आणि म्हणाली, "नमस्कार. मी इंद्रायणी. ऑडिटला आलेय."

"साहेब मागनं येतायत का?" काकानं विचारलं.

"मीच आहे."

बँडवाल्यांनी तेवढ्यात वाजवायला सुरुवात केली. बाई फ्लेक्सपुढे उभी राहिली. तिनं तो एकदा वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग हात वर करून बँड थांबवला.

"हे भागुजी," ती सावकाश म्हणाली, "आजपर्यंत तुमच्या कंपनीचे गुलाम होते?"

काकाच्या तोंडाचा रंग गेला. कंटेनर, बोट, इंग्लंड सगळं त्या कबुतराबरोबर उडून चाललं होतं. समृद्धीला वाटलं, आता आपणच सावरलं पाहिजे, आणि ती माईकवर म्हणाली, "नव्हते मॅडम! फक्त कार्यक्रमापुरते होते!"

ते आख्ख्या गावानं, सगळ्या निमगाव साव्यानं, ऐकलं.

"म्हंजे बाई," आबा पुढे झाले, "गुलाम नव्हता, पण आमी सोडला."

"नसलेल्या गुलामाला?"

"तुमीच म्हणला ना, पावलं उचला म्हणून!"

आता मात्र भागुजी उठला. फेटा लई छान बसला होता आणि एवढ्यात कार्यक्रम मोडायची त्याची इच्छा नव्हती. पण इज्जतीचा प्रश्न होता. "ओ ताई, मला कोण बांधून ठेवतंय? मीच यांना दोन टायमाला सोडून गेलोय. एकदा तर बोरीला सावळेरामाकडं आख्खं साल काढलं. त्याची बायकू कालवणात मीठ लई घालायची, म्हणून आलो माघारी. इचारा रखमाजीला."

बाईनं खुर्ची ओढली. काम कुणी ठरवलं? चार माणसांसमोर ठरलं. मोबदला आधी ठरतो की नंतर? आधी, न्हाईतर मी पारावरनं उठतच न्हाई. सुट्टी? जत्रेला, आन् पोरीकडं बाळंतपण असलं तर. सोडून जायचं झालं तर? जायचं, त्यात काय. बाई लिहीत होती आणि हळूहळू तिच्या कपाळावरच्या आठ्या सुटत होत्या. काकाच्या जिवात जीव आला. द्राक्षं निवडायला येणाऱ्या बायकांनाही तिनं बाजूला घेऊन विचारलं. त्यांची मजुरी दर शनिवारी चोख मिळायची, आणि पटलं नाही की त्या सरळ सावळेरामाकडे जायच्या. मग बाईनं वही मिटली आणि सहज, उठता उठता, पॅकहाउसच्या दारात उभ्या असलेल्या काकूला विचारलं, "आणि तुमचा पगार किती?"

काकू हसली. "मला कसला पगार? मी घरचीच हाय."

"किती वाजता येता कामावर?"

"पाचला. पहाटं."

"आणि जाता?"

"माल संपला की."

बाई पुन्हा बसली. "उद्या तुम्हाला हे सोडून दुसरीकडे काम करायचं झालं, तर कुणाला विचारावं लागेल?"

"यांना," काकूनं नवऱ्याकडे बघितलं. "मग आत्याबाईंना. मग त्या मामांना इचारणार. मामा थोरल्या दादांना. थोरले दादा ताईंना इचारतील, मग सगळी मिळून हंगामाला इचारणार." ती हे विनोदानंच सांगत होती, पण बोटं मोजता मोजता तिचा आवाज बारीक झाला. "आज जायचं व्हतं मला. ओतूरला. मुलाखत हाय पाच वाजेतवर. पण आज तुमी येणार, म्हणून न्हाई गेले."

"म्हणजे," बाई म्हणाली, "इथे कुणाला अडकवून ठेवत नाहीत हे मला दाखवायला तुम्हाला थांबवून ठेवलंय?"

समृद्धीनं माईक खाली ठेवला. हे तिला चार दिवस ठाऊक होतं, आणि चार दिवस ती स्वागतगीताची चाल बसवत होती.

"आता घरात कुणी पगार घेतं का, मॅडम?" काका कसनुसं हसला. "घरचं काम ते."

"घरचं?" साळुबाईआजी कडाडली. सगळ्यांना वाटलं ती आता मुलाच्या बाजूनं बोलणार, काकूलासुद्धा. "कंपनीच्या पाटीवर कुणाचं थोबाड हाय? माझं. आन् माझ्या हातात पाच रुपये कदी दिले का कुणी? तंबाकू लागली तर भागुजीकडनं मागून घेती मी!"

"खरं हाय," भागुजी म्हणाला. "लई उधारी हाय."

"आन् मी?" आईनं पदर खोचला. धाकट्या जावेचं एवढं कौतुक चाललेलं तिला सोसेना. "हिला पंखा तरी हाय पॅकहाउसात. मी गोठ्यात असती. म्हशी सोडून माहेरी रात्रभर राहिले का कदी, इचारा!"

"तुला म्हशी तरी ऐकतात," पप्पा एकदम म्हणाले. ते पाटीशिवाय दुसरं काही बोलत नसत, म्हणून सगळे वळले. "मला चाकणला कंपनीत पेंटरची नोकरी लागली व्हती. आबा न्हाई म्हणले. आजतागायत रंगाच्या दुकानापुढनं गेलो की उभा राहतो मी. मला पाट्या रंगवायच्या व्हत्या!"

"म्हंजे मी काय मजेत हाय?" काका ओरडला. "चोवीस तास मोबाईल! इंग्लंडमधे उजाडलं की मी जागा, हितं उजाडलं की मी जागा!"

पाच मिनिटांत मांडवात असा गोंधळ माजला, की जो तो दुसऱ्यापेक्षा आपणच कसे जास्त अडकलोय ते पटवून देत होता. आजीनं तर फ्लेक्सवर भागुजीऐवजी आपला फोटो का नाही म्हणून पप्पांचा कान धरला. बँडवाले हसून हसून पिपाणी खाली ठेवून बसले. आबा मध्येच उभे राहून इकडून तिकडे बघत होते. "एकाला सोडाय गेलो," ते स्वतःशीच म्हणाले, "तर आख्खं घरच सुटायला लागलं."

"आणि तुम्ही, आबा?" बाईनं विचारलं. "तुम्हाला जाता येतं?"

आबांनी बागेकडे बघितलं, मग रस्त्याकडे. "कुठं?" ते म्हणाले.

बाईनं सॅक उचलली. "निवडायला येणाऱ्या बायका सोडल्या, तर ह्या जागेवर माझ्या सगळ्या अटींत बसणारा माणूस एकच आहे, हे भागुजी. मला घरचा-बाहेरचा फरक लिहिता येत नाही. काम करतो तो मर्जीनं आलाय का आणि मर्जीनं जाऊ शकतो का, एवढंच बघायचंय. मी थंड खोली आणि संडास बघून येते. तोवर ठरवा काय करताय." आणि ती गेली.

घर एकदम जवळजवळ आलं, पावसात कोंबड्या येतात तसं. काकानं घड्याळ बघितलं. आबांनी डोळे मिटले, उघडले आणि भागुजीच्या सत्काराची शाल उचलून सरळ काकूच्या खांद्यावर टाकली. "जा कल्याणे. चारची एस्टी हाय. जा मुलाखतीला."

काकूला ते खरंच वाटेना. "मामा?"

"जा म्हणतोय ना! मर्जीनं जा!"

ती पळतच साडी बदलायला गेली. समृद्धीनं आनंदानं अशी किंकाळी मारली की बँडवाल्यांनी दचकून पिपाणी उचलली. आजीनं डोळे पुसले. पप्पांनी काकाच्या पाठीवर थाप मारली. सगळ्यांना आपण लई मोठ्या मनाचे असल्यासारखं वाटायला लागलं.

"पण मग पॅकहाउस?" काका म्हणाला. "हिला नोकरी लागली तर रोज पहाटं माल कोण बघणार?"

"त्यात काय," आजी म्हणाली. "समृद्धी हाय की."

"हां!" आबांचा चेहरा उजळला. "पोरगी हुशार हाय. घड बघून वजन सांगती. काटा खोटा पडंल, पण ही न्हाई."

समृद्धीची मान ताठ झाली. ते खरंच होतं, आणि आबा तिचं कौतुक कधी चारचौघांत करत नसत. आणखी कुणी काही म्हणतंय का म्हणून ती थांबली.

"तिला दहावी हाय की पुढल्या वर्षी," आई म्हणाली.

"शाळेतनं आली की बसायचं," पप्पा म्हणाले. "सुट्टीत दिवसभर. शाळेचं काय, ती पास होतीच."

"वय बसत न्हाई तिचं," काका पुटपुटला. "बाई इचारल."

"वय?" आजी म्हणाली. "लग्नाला लहान हाय. कामाला थोडीच?"

"आन् घरचीच हाय," आबांनी हात झटकले. "पगाराचा परश्न न्हाई. कुठं जाती?"

समृद्धी अजून हसतच होती. हसू तोंडावर तसंच राहिलं. पाच मिनिटांपूर्वी हीच सगळी माणसं आपापलं गाऱ्हाणं सांगत होती. आणि आता तीच, तेवढ्याच मायेनं, तिला पहाटे पाचला पॅकहाउसच्या स्टुलावर बसवत होती. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, आणि त्यामुळेच तिला कुणावर रागावायचं ते सापडेना.

काकू दारात उभी होती. हिरवी साडी, हातात पर्स. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मग मी न्हाई जात," ती म्हणाली. पर्स तिनं खाटेवर ठेवली. "हिची शाळा बुडवून मला नोकरी नको. हंगाम संपू दे."

"बघा, किती समजूतदार हाय," आबा गहिवरून म्हणाले, आणि शाल पुन्हा भागुजीच्या खांद्यावर जायला निघाली.

लांबून एस्टीचा हॉर्न वाजला. गाडी वरच्या फाट्याला वळली होती. म्हणजे हातात फार तर पाच मिनिटं. समृद्धीनं काकूची पर्स उचलली, ती काकूच्या हातात कोंबली आणि मग आई-पप्पांसमोर येऊन उभी राहिली.

"आई, पप्पा, मी ठरवलंय. काकू आत्ता एस्टीत बसणार. आणि मी तिच्या जागेवर बसणार नाही. ना उद्या, ना सुट्टीत, ना दहावीनंतर."

"अगं पण पेट्या कोण भरणार?" पप्पा म्हणाले.

"माणूस ठेवा. पगार बोलून ठेवा. त्याला पटलं तर येईल, नाही पटलं तर जाईल." तिनं काकूला फाट्याच्या दिशेनं ढकललं आणि मागे न बघता म्हणाली, "आणि तो मिळेपर्यंत पहाटे पाचला तुम्ही बसा पप्पा, काकाला घेऊन. तुम्ही तर घरचेच आहात."